रिकाम्या टोपल्यांचा साक्षीदार

मित्रांनो, आधीच सांगून ठेवतो, मला ताट म्हणू नका. ताट स्वयंपाकघरात बसून असतं, मी दारोदार फिरतो. मी एक जुना लाकडी ट्रे आहे, दोन पितळी मुठींचा, आणि एका हॉटेलच्या तिसऱ्या मजल्यावर गेली बावीस वर्षं नोकरी करतोय. माझा एक कोपरा उडालाय आणि डावी मूठ जरा खुळखुळते. पण तेवढ्यावरून मला म्हातारा ठरवायची घाई करू नका.

माझा जन्म एका कपाटाच्या दारातून झाला. हॉटेलच्या तळघरात एक सुतार होता. तोंडाचा फटकळ, पण हाताचा मोठा सफाईदार. एका खोलीतलं कपाट मोडलं तेव्हा मॅनेजर म्हणाले, "टाकून द्या." सुतार म्हणाला, "टाकायला काय, कोणालाही टाकता येतं," आणि त्याने त्या दारातून मला कापून काढलं. चार दिवस घासून आणि तेल चोळून त्याने मला इतकं गुळगुळीत केलं, की माझ्यावर ठेवलेला कप घसरायला लागला. मग स्वतःवरच चिडून त्याने चारही बाजूंनी पट्ट्या ठोकल्या. त्या पट्ट्यांमुळेच मी आजवर एकही किटली सांडलेली नाही. म्हणजे, एक सांडली होती, पण ती चूक माझी नव्हती.

तिसऱ्या मजल्यावर जिन्याजवळ एक छोटी पॅन्ट्री आहे. शेगडी, ओटा, कपांची मांडणी आणि एक खिडकी, एवढाच तिचा पसारा. मजल्यावरच्या सगळ्या खोल्यांत चहा इथूनच जातो. तो नेतात मामा. मामा म्हणजे आमच्या मजल्याचे वाढपी. सगळं हॉटेल त्यांना मामाच म्हणतं, मॅनेजरसुद्धा. खरी भाची मात्र त्यांना एकच. तिच्याबद्दल पुढे सांगतोच.

मामांची एक सवय सांगायला हवी. खोलीतून परत आलेला ट्रे ते कधी लगेच आवरत नाहीत. मला खिडकीच्या कट्ट्यावर ठेवतात, चष्मा लावतात, कमरेवर हात घेतात आणि म्हणतात, "चला, बघू या, पाहुणे काय म्हणतायत." मग ते माझ्यावर काय काय परत आलंय ते निवांत बघतात. साखरेची पुडी न फोडता आली, तर उद्या पुडी नाही. लोणी संपलं आणि पाव तसाच राहिला, तर उद्या पाव निम्मा आणि लोणी दुप्पट. बिस्किटाचा नुसता कोपरा खाल्लेला असला, तर मामा ते बिस्किट उचलून वास घेतात आणि डबाच बदलतात. यातलं ते काही लिहून ठेवत नाहीत. सगळं डोक्यात. सहा-सहा महिन्यांनी येणारा पाहुणासुद्धा पहिल्याच चहाला म्हणतो, "अरे वा, यांना कसं कळलं?" कसं कळणार? मी सांगितलं! मित्रांनो, माझ्या आयुष्यात मला मिळालेली शाबासकी एवढीच, पण ती मी आजही अंगभर मिरवतो.

आमचं हॉटेल एकटं नाही बरं का. एकाच कंपनीची अशी अकरा हॉटेलं आहेत. वर्षातून दहा वेळा येणाऱ्या पाहुण्याला कंपनी चांदीचं कार्ड देते आणि वीस वेळा येणाऱ्याला सोन्याचं. चांदी-सोनं नावापुरतं, दोन्ही कार्डं प्लास्टिकचीच. पण अशा नेहमीच्या पाहुण्यांना काहीतरी जास्तीचं द्यायचं असतं. म्हणजे तो खूश होतो आणि पुढच्या वेळी समोरच्या हॉटेलात न जाता आपल्याकडेच येतो. ते जास्तीचं काय द्यायचं, हे दरवर्षी मुख्य कचेरीत ठरतं आणि जे ठरतं ते माझ्या डोक्यावर बसतं.

काय काय वाहिलं मी! एका वर्षी नाव छापलेल्या सपाता आल्या. नावं बरोबर होती, पण माप सगळ्यांना एकच. मग गुलाबाच्या वासाचे गरम टॉवेल आले. त्यांनी निम्मा मजला शिंकायला लागला. मग उशीवर चॉकलेट ठेवायची टूम निघाली. एक सोनेरी कार्डवाले गृहस्थ दिवा न लावताच आडवे झाले आणि सकाळी सभेला पांढऱ्या सदऱ्यावर चॉकलेटचा शिक्का घेऊन गेले. ती टूम त्याच आठवड्यात बंद. नंतर समोरच्या हॉटेलाने आंघोळीनंतर घालायचे अंगरखे दिले म्हणून आम्हीही अंगरखे दिले. आणि पाच वर्षांपूर्वी आली फळांची टोपली.

टोपली दिसायला देखणी होती, खोटं कशाला बोलू? सफरचंदं, नासपती, द्राक्षांचा घड, वर चकचकीत कागद आणि जांभळी फीत. पाहुणा दार उघडून "अरे वा!" म्हणायचा आणि टोपली टेबलावर ठेवायचा. दुसऱ्या दिवशी मी गेलो की ती तिथेच. फीतसुद्धा सुटलेली नसायची. दोन दिवसांसाठी आलेला माणूस, सकाळी कामावर जातो, संध्याकाळी थकून येतो. त्याच्याकडे सुरी नसते आणि सालं टाकायची कुठे हे त्याला कळत नाही. तो कशाला सफरचंद कापत बसेल? फार तर द्राक्षं तोंडात टाकतो.

आता नियम असा होता, की एका खोलीत गेलेली फळं दुसऱ्या पाहुण्याला द्यायची नाहीत. मजल्यावरच फेकायची, किती फेकली ते लिहायचं आणि रिकामी टोपली खाली कोठीत पाठवायची. पण धडधाकट सफरचंद कचऱ्यात टाकायला कोणाचा हात धजावतो? मामांचा नाही धजावला. इस्त्री करणाऱ्या मावशी आहेत, त्यांचा तर मुळीच नाही. मामा, मावशी आणि खोल्या झाडणाऱ्या बायका दुपारी पॅन्ट्रीत बसून फळं कापून खायच्या. आणि पॅन्ट्रीच्याच भिंतीवर मोठ्या अक्षरांत पाटी होती, 'पाहुण्यांच्या खोलीतील कोणतीही वस्तू खाल्ल्यास नोकरीवरून कमी करण्यात येईल'. मावशी त्या पाटीकडे पाठ करून बसायच्या.

फेकलं काहीच नाही, म्हणून लिहिलंही काही नाही. टोपली मात्र रिकामी होऊन खाली जायची आणि कोठीवाला आपल्या कागदावर खूण करायचा, रिकामी.

तर आता भाची. मामांच्या धाकट्या बहिणीची मुलगी. शाळा जवळ पडते म्हणून लहानपणी मामांच्याच घरी राहिलेली. गणितात अशी हुशार, की मामा तिची प्रगतिपुस्तकं पॅन्ट्रीत आणून सगळ्यांना दाखवायचे. ती शिकून मोठी झाली आणि दोन वर्षांपूर्वी आमच्याच कंपनीच्या मुख्य कचेरीत लागली. काम काय, तर नेहमीच्या पाहुण्यांना काय द्यायचं ते शोधून काढायचं! ही बातमी आली त्या दिवशी मामांनी मला साबणाने तीनदा धुतलं. आनंदात त्यांना सुचत नव्हतं काही.

पाहुण्यांना काय द्यायचं ते ठरवायची यंदाची सभा मुख्य कचेरीऐवजी आमच्या हॉटेलात, आमच्याच मजल्यावरच्या हॉलमध्ये ठरली. आदल्या दुपारी भाची आली.

"मामा, आज मी पाहुणी आहे हं," ती म्हणाली. "सोनेरी कार्डवाल्याला जे जे देतोस ते सगळं मला दे. काही कमी पडलं तर तक्रार करीन."

"कर की," मामा म्हणाले. "तक्रार ऐकायलाही मीच येणार."

संध्याकाळी मी टोपली आणि चहा घेऊन तिच्या खोलीत गेलो. टेबलावर कागदच कागद. तिचे डोळे नुसते चमकत होते. "मामा, बस ना, तुला उद्याची गंमत सांगते. आमचं काम काय असतं माहितीये? असं काहीतरी शोधायचं, जे आपल्याला हलकं पडेल आणि पाहुण्याला भारी वाटेल."

"मग कळतं कसं तुम्हाला, कोणाला काय आवडतं?" मामा उभ्या उभ्याच म्हणाले.

"आधी फॉर्म भरून घ्यायचे. पण निघायच्या घाईत माणूस सगळ्यापुढे 'छान' अशी खूण करतो रे! एकाने तर पोहण्याच्या तलावालाही 'छान' लिहिलं. त्या हॉटेलात तलावच नाही! म्हणून मी फॉर्म सोडले. माणूस बोलतो काय ते बघायचं नाही, करतो काय ते बघायचं. मी टोपल्या मोजल्या." तिने एक रंगीत तक्ता पुढे केला. "शंभर टोपल्या वर गेल्या की सत्त्याण्णव रिकाम्या खाली येतात. अकराच्या अकरा हॉटेलांत! आणि पहिला नंबर कोणाचा, सांग? तुझ्या मजल्याचा! शंभरात शंभर!"

मित्रांनो, मला पाय असते तर मी तिथून पळालो असतो.

"उद्या मी मोठ्या टोपलीची योजना मांडणार आहे," ती म्हणाली. "अकराही हॉटेलांत. त्याचा खर्च भरून काढायला मजल्यावरचा चहा बंद करायचा आणि खोलीत नुसती विजेची किटली ठेवायची. कंपनीच्या मोठ्या बाई स्वतः येणार आहेत. माझी पहिलीच योजना, मामा! ही पास झाली ना, तर विभाग माझ्या हातात येईल."

"चहा गार होतोय," एवढंच म्हणून मामा मला उचलायचं विसरून निघाले, दारातून परत आले आणि मला घेऊन गेले.

पॅन्ट्रीत इस्त्रीवाल्या मावशी बसल्या होत्या. तोंडात नासपती. मामांनी सगळं सांगितलं तशी त्यांना ठसका लागला.

"गप्प बसा," पाणी पिऊन त्या म्हणाल्या. "निवृत्त व्हायला दीड वर्ष राहिलंय तुमचं. ती पाटी दिसत नाही का? पोरीला शाबासकी मिळतेय तर मिळू दे की."

"आणि उद्या मोठ्या टोपल्या आल्यावर? त्या कोण खाणार?"

"आपण आहोत की!"

"अहो, कधी ना कधी कोणीतरी बघणारच. मग हसतील कोणाला? तिला हसतील. म्हणतील, हिच्याच मामाने खाल्लं आणि हिने तक्ते काढले."

उरलेली नासपती मावशींनी तशीच बाजूला ठेवली, आणि हे मी पहिल्यांदाच बघितलं.

दुसऱ्या दिवशी साडेआठला मामा मला घेऊन भाचीच्या खोलीत गेले. ती आरशासमोर उभी राहून भाषण म्हणत होती. मामांनी मला टेबलावर ठेवलं आणि खुर्चीत बसले. बावीस वर्षांत ते पाहुण्याच्या खोलीत कधी बसले नव्हते.

"ती फळं आम्ही खातो," ते म्हणाले.

भाची हसली. मग त्यांच्या तोंडाकडे बघून तिचं हसू गेलं. "कोण आम्ही?"

"मी, मावशी, झाडणाऱ्या बायका. फेकवत नाहीत गं. पाहुणे फीतसुद्धा सोडत नाहीत."

"सगळी?"

"द्राक्षं खातात कधीकधी."

"आणि बाकीच्या दहा हॉटेलांत?"

"शपथेवर नाही सांगू शकत. पण तिथलीही माणसं आमच्यासारखीच असणार."

भाची मटकन पलंगावर बसली. "मामा, दीड तास राहिलाय! काल का नाही बोललास?"

"भ्यालो," मामा म्हणाले. "नोकरीला भ्यालो आणि तुझ्या तोंडाकडे बघून जास्तच भ्यालो. आत्ताही भितोच आहे."

ती रागावली, रडकुंडीला आली, खोलीत चार फेऱ्या मारल्या आणि तक्ता उलटा करून ठेवला. मग म्हणाली, "मी योजना मागे घेते. आकडे चुकले म्हणून सांगते. पण कोणी सांगितलं ते नाही सांगणार. तू स्वतःचं नाव काढलंस तर याद राख."

दहा वाजता हॉल भरला. लांब टेबलाभोवती अकरा हॉटेलांचे अकरा मॅनेजर आणि टोकाला मोठ्या बाई. पांढरे केस, बारीक आवाज, पण त्या बोलल्या की बाकीचे श्वास घ्यायलासुद्धा विसरत. मामा माझ्यावर चहा मांडून कडेने फिरत होते. भाची उभी राहिली.

"मी माझी योजना मागे घेतेय," ती म्हणाली. "टोपल्या रिकाम्या येतात, पण त्या पाहुणे रिकाम्या करत नाहीत."

मोठ्या बाईंनी चष्म्यावरून बघितलं. "दोन वर्षं तुम्ही हे आकडे आम्हाला पाठवताय. आज सकाळी ते खोटे ठरले? हे तुम्हाला सांगितलं कोणी?"

भाची गप्प. पुन्हा विचारलं, तरी गप्प. तिचे कान लाल झाले होते. एक मॅनेजर खोकले, दुसरे छताकडे बघायला लागले. मला वाटलं, संपलं, हिचं कचेरीतलं नाव कायमचं गेलं. आणि तेवढ्यात माझी डावी मूठ खडखड वाजायला लागली. मामा मला घेऊन तरातरा पुढे निघाले होते. त्यांनी मला बाईंच्या पुढ्यात ठेवलं.

"मी सांगितलं, बाई. ती फळं मी खाल्ली. पाच वर्षं."

"मामा!" भाची ओरडली.

"आणि कोणी खाल्ली?" बाईंनी विचारलं.

"मजला माझा आहे. माझंच नाव लिहा."

मोठ्या बाई मामांकडे बघत राहिल्या. "नियम माहीत आहे?"

"पाटी माझ्या डोक्यावरच आहे, बाई."

"मग आमच्या पाहुण्यांना टोपली नको असते, तर हवं काय असतं? तेही माहीत असेल तुम्हाला."

"सगळ्यांचं एक नसतं ना, बाई," मामा म्हणाले. आता त्यांचा आवाज सुधारला, कारण हा विषय त्यांचा होता. "परत आलेला ट्रे बघितला की कळतं. आता तुमचंच घ्या. तुम्ही गेली सहा वर्षं याच मजल्यावर उतरता. तुमची साखर परत येते. बिस्किटं दोन दिली तर एक परत येतं. आणि किटलीतला दुसरा कप नेहमी गार होऊन परत यायचा, कारण पहिला झाला की तुम्ही कागदांत डोकं घालता. म्हणून मी किटलीत एकच कप देतो, आणि वीस मिनिटांनी ताजा दुसरा घेऊन दार वाजवतो."

मोठ्या बाई एकदम ताठ बसल्या. "तो दुसरा चहा तुम्ही आणता? स्वतःहून?"

"हो."

"मला वाटत होतं, तो आपला सगळीकडचा नियम आहे!" त्या म्हणाल्या. "दुसऱ्या हॉटेलांत येत नाही म्हणून मी या सगळ्यांना झापलंय!"

अकरा मॅनेजरांपैकी नऊ जण खाली मान घालून हसले आणि दोघांनी उघड मान डोलावली. मग बाईही हसल्या. त्या हसतात हे कोणाला माहीत नव्हतं.

निकाल लागला तो असा. मामांना ताकीदपत्र मिळालं, कारण नियम म्हणजे नियम. टोपली बंद झाली आणि मजल्यावरचा चहा राहिला. सोनेरी कार्डवाल्याला मग द्यायचं काय, असं एका मॅनेजरने विचारलं, तेव्हा भाचीच म्हणाली, "तो परत पाठवत नाही ते." तिने योजना नव्याने लिहिली. दर मजल्यावर परत आलेला ट्रे बघायचा, पाहुण्यागणिक चार शब्द टिपून ठेवायचे आणि तो पुढच्या वेळी कुठल्याही हॉटेलात उतरला तरी ते तिथे आधी पोचवायचे. विभाग काही लगेच तिच्या हातात आला नाही. पण ट्रे कसा बघायचा ते शिकवायला कंपनीने मामांना बाकीच्या दहाही हॉटेलांत पाठवलं, ताकीदपत्रासकट. बाईंनी कामगारांच्या जेवणघरात रोज फळं ठेवायलाही सांगितलं. आता मावशी म्हणतात, परवानगीच्या सफरचंदाला ती चव नाही.

पण मला आठवतं ते सभेनंतरचं. मामा पॅन्ट्रीत कप विसळत होते. भाची आली, दार लावलं आणि त्यांच्या खांद्यावर डोकं ठेवून आधी रडली, मग हसली, मग दोन्ही एकदम.

"दोन वर्षं, मामा," ती म्हणाली. "दोन वर्षं मी तुझ्या मजल्यावरच्या टोपल्या मोजत होते. दर रविवारी आपण फोनवर बोलत होतो. पण 'मामा, फळं खातात का रे लोक?' एवढं मी तुला एकदासुद्धा विचारलं नाही."

मामांनी ओल्या हातानेच तिच्या डोक्यावर टपली मारली. "मी तरी कुठे सांगितलं?"

मित्रांनो, म्हणून एक विनंती करतो. तुमच्या घरी, शाळेत, कुठेही, कोणाला काय आवडतं असा प्रश्न पडला, तर तक्ते जरूर काढा, पण आधी ताटं-कप उचलणाऱ्या माणसाजवळ जाऊन बसा. त्याला आपणहून सांगायची भीती वाटत असते. तुम्ही आधी विचारा.